डावा कान

आमच्या घरात डावा कान हा वडिलोपार्जित विषय आहे. माझे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत विणकाम खात्यात जॉबर होते. त्यांच्या नेहमीच्या जागी उजव्या हाताला भिंत होती आणि डाव्या हाताला मागांची सबंध रांग. म्हणून त्यांचा डावा कान आधी गेला, असे आई सांगत असे, आणि घरात हे कारण सर्वमान्य होते. पन्नाशीत डावा गेला, साठी उलटल्यावर उजवाही मंदावला. संध्याकाळी ते रेडिओच्या जाळीदार कापडाला उजवा कान लावून बसत आणि आवाजाचे बटण शेवटापर्यंत पिळत. तो बिचारा व्हॉल्वचा रेडिओ मग भरडू लागे, गाणाऱ्याचा स्वर फाटे, शेजारचे लोक खिडक्या लावून घेत. आणि वडील मान डोलावून म्हणत, ‘‘आता कसं स्पष्ट येतंय!’’

त्यामुळे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी नव्या हेडफोनमधून मला डाव्या बाजूचे गाणे कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा त्यात नवल वाटले नाही. पाळी आली, एवढेच वाटले.

हेडफोनचे वेड मला उशिरा लागले. विद्युत मंडळात छत्तीस वर्षे काढली, त्यांतली निम्मी उपकेंद्रांवर. ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याखेरीज दुसरे संगीत मन लावून ऐकायला सवड अशी मिळालीच नाही. निवृत्तीनंतर वडिलांच्या कॅसेटींची पेटी हाती आली. १९७८ ते १९८४ या काळात त्यांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या त्या कॅसेटी. बहुतेक आकाशवाणीवरची गाणी, आणि त्यांत जिथे जिथे सापडले तिथे अमीर खाँसाहेब. खाँसाहेब १९७४ सालीच कलकत्त्याला मोटार अपघातात गेले होते. पण त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे रेडिओवर लागत आणि वडील ती टिपून ठेवत. इंदूरच्या माणसाला खाँसाहेबांबद्दल जी एक घरगुती मालकीची भावना असते, ती त्यांच्यात पुरेपूर होती. बेंगळुरूला असलेल्या माझ्या मुलीने त्या कॅसेटी संगणकावर उतरवून दिल्या, आणि त्या नीट ऐकता याव्यात म्हणून वाढदिवसाला सेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा हेडफोन पाठवून दिला. १९९७ साली निघालेले हे मॉडेल अजून जाणकारांच्या घरी टिकून आहे. कानांवरच्या वाट्या मागून जाळीच्या, उघड्या. त्यामुळे गाणे डोक्यात कोंडल्यासारखे वाटत नाही.

पहिल्या दिवशी तो फोनला जोडला. खाँसाहेब विहिरीच्या तळाशी बसून गात आहेत आणि आपण काठावरून वाकून ऐकतो आहोत, असा प्रकार झाला. त्याच आठवड्यात माझा भाचा आला. त्याचे मराठी म्हणजे अस्सल इंदुरी. क्रियापदे आपली, बाकी सारा ऐवज हिंदी. हेडफोन उलटासुलटा करून तो म्हणाला, ‘‘मामा, तीनशे ओहमचा आहे हा. अ‍ॅम्प के बिना नहीं चलेगा.’’ आठ दिवसांत तळहातावर मावेल असा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. पुढे आवाजाचे गोल बटण, मागे एक बारीक खटका. त्याच्या एका अंगाला ‘लो’, दुसऱ्या अंगाला ‘हाय’. भाच्याने तो न विचारता ‘हाय’कडे ढकलला. ‘‘इतका हेवी हेडफोन आहे, मामा. लो पे ठेवायला हे काय खेळणं आहे?’’

मी मान डोलावली. छत्तीस वर्षे विजेत घालवलेल्या माणसाने त्या क्षणी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला नाही.

त्या रात्री मारवा ऐकला. खाँसाहेबांची १९६० सालची ती प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. पहिल्या स्वरालाच अंगावर काटा आला. आवाजाचे बटण घड्याळासारखे धरले तर ते सात वाजता बंद असते आणि पाच वाजता संपते. माझे बटण जेमतेम आठावर पोचले होते. यंत्राच्या अंगात केवढी ताकद शिल्लक आहे, याचे मला कोण समाधान वाटले! पाव भारावर चाललेला ट्रान्सफॉर्मर पाहून जसे वाटे, तसेच.

चार-सहा दिवसांनी ध्यानात आले की खाँसाहेब मध्यभागी बसलेले नाहीत. ते उजव्या कानाकडे सरकले होते. ध्वनिमुद्रण जुने, एकमार्गी. म्हणजे दोन्ही कानांत तंतोतंत तेच येणार आणि गाणारा कपाळाच्या मधोमध बसणार. पण नाही. रात्री सौ. झोपल्यावर मी बटण आणखी खाली आणीत असे, तेव्हा तर ते उजव्या खांद्यावरच जाऊन बसत.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही. फोन उजव्या कानाला लावू लागलो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की डावीकडच्या टोकाची खुर्ची धरू लागलो, म्हणजे सगळी माणसे उजव्या हाताला येतील. सौ.ने एकदा विचारलेही, ‘‘त्या कोपऱ्यात काय ठेवलंय?’’ मी म्हटले, वारा लागतो. वारा तिथे नव्हता.

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. दोष कानाचा की यंत्राचा, हे ठरवायला अर्धा मिनिट पुरते. हेडफोन उलटा घालायचा, डावी वाटी उजव्या कानावर. आवाज तरीही डाव्या कानालाच कमी आला तर दोष कानाचा. कमीपणा उजवीकडे गेला तर दोष यंत्राचा. तारा अदलाबदल करून दोष शोधणे हे काम मी उपकेंद्रावर किती वेळा केले असेल! पण दोन महिने मी हेडफोन उलटा घातला नाही. कारण उत्तर मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती. आणि ते उत्तर सिद्ध करून घ्यायची घाई नव्हती. वडिलांनीही कधी कान तपासून घेतले नव्हते.

एक खूण मात्र समोर होती, ती मी वाचली नाही. वडिलांच्या कॅसेटी ऐकताना डावा कान बरा होई. खाँसाहेब पुन्हा मधोमध येत. याचा अर्थ मी काय लावावा? बापाच्या हातच्या टेपला कान देखील ओळखतो, असा! सेवानिवृत्त अभियंत्याने असला विचार करावा, याची आज मला मौज वाटते. कॅसेटी मुळातच क्षीण आवाजात भरलेल्या होत्या. म्हणून तेवढ्यापुरते मी बटण अकरा-बारापर्यंत नेत असे. सारे रहस्य त्यातच होते.

ते उलगडले सौ.मुळे. तिला या प्रकरणात रस नव्हता. एका दुपारी तिच्या बहिणीने पाठवलेले एक नाट्यपद ऐकायला म्हणून तिने हेडफोन घातला. मी मेथी निवडत बसलो होतो. दोन मिनिटांत ती म्हणाली, ‘‘अहो, याचा डावा कान बिघडलाय का हो? सगळं उजवीकडूनच येतंय.’’

मी म्हटले, ‘‘उलटा घालून बघ.’’

‘‘आता डावीकडून येतंय.’’

उरलेली मेथी मी निवडून संपवली. दुसरे काय करावे ते सुचेना. मग उठून यंत्रामागचा खटका ‘लो’वर आणला, बटण हळूहळू बारापर्यंत फिरवले आणि हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला. गाणारी बाई बरोबर मध्यभागी बसली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आवाजाचे बटण म्हणजे आत एकाच दांड्यावर बसवलेल्या कार्बनच्या दोन पट्ट्या, एक डाव्या बाजूसाठी आणि एक उजव्या. त्यांवरून दोन स्पर्श सरकतात. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या बनवणे अवघड असते, आणि त्यांच्यातला फरक अगदी सुरुवातीच्या भागात सर्वांत जास्त जाणवतो. पुढे तो मिटत जातो. म्हणून बटण सात-आठावर असताना एक बाजू लंगडणे हा स्वस्तातल्या यंत्रांचा सर्रास आढळणारा दोष आहे. यंत्र बदलण्याची गरज नसते. बटण त्या भागात राहू नये, एवढेच पाहायचे असते. आणि ते कुठे राहील, हे मागचा खटका ठरवतो.

गेन या शब्दाने माझ्या भाच्याला आणि मलाही चकवले होते. आम्हां दोघांना वाटले, हाय गेन म्हणजे जास्त ताकद. तसे ते नाही. आलेला दाब किती पट करायचा, तो आकडा म्हणजे गेन. यंत्राची ताकद त्याच्या वीजपुरवठ्याने ठरलेली असते. खटका कुठेही ढकला, ती तेवढीच राहते. माझ्या यंत्रात ‘लो’ म्हणजे दुप्पट आणि ‘हाय’ म्हणजे आठपट. दाब दुप्पट झाला की सहा डेसिबल वाढतात, तेव्हा या दोहोंत बारा डेसिबलांचे अंतर. आत येणारा संकेत सीडीप्लेअरसारखा, जास्तीत जास्त २ व्होल्टचा. त्याला आठाने गुणले तर १६ व्होल्ट; माझे यंत्र सातापलीकडे देऊच शकत नाही. म्हणजे हाय गेनवर बटण शेवटापर्यंत पिळले असते, तर ते वडिलांच्या रेडिओसारखेच भरडू लागले असते.

आता ‘लो’वर भागते का? सेनहायझरच्या माहितीपत्रकावर ९७ डेसिबल असा आकडा असतो. या आकड्यांची एक गंमत आहे. कोणी कंपनी तो एका मिलिवॅटला सांगते, कोणी एका व्होल्टला, आणि दोन्हींची तुलना थेट करता येत नाही. ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये एक व्होल्ट म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिवॅट, तर ३२ ओहमच्यामध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे एकतीस मिलिवॅट. दुसऱ्या प्रकारात आकडा आपोआप पंधरा डेसिबलांनी फुगतो, आणि ग्राहकाला वाटते, काय जोरदार माल आहे! मी आपला दोन्ही अर्थ धरून हिशेब केला. ‘लो’वरच्या ४ व्होल्टला एका अर्थाने १०९ डेसिबल मिळतात, दुसऱ्या अर्थाने ११४. घरात ऐकायचे गाणे सरासरी सत्तर-पंचाहत्तर डेसिबल असले की भरपूर होते. म्हणजे ‘लो’ हे खेळणे नव्हते. माझ्या गरजेच्या कितीतरी पुढे होते.

भाच्याचे दुसरे गृहीत होते, ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड. हेही अर्धेच खरे. समजा एक हेडफोन एका मिलिवॅटला १०० डेसिबल देतो आणि आपल्याला गाण्यातल्या क्षणिक शिखरांसाठी ११० हवेत. दहा डेसिबलांना दहापट शक्ती, म्हणजे १० मिलिवॅट. तो ३०० ओहमचा असेल तर यासाठी सुमारे १.७ व्होल्ट दाब आणि ६ मिलिअँपिअर प्रवाह लागेल. ३२ ओहमचा असेल तर ०.५७ व्होल्ट आणि १८ मिलिअँपिअर. शक्ती दोन्हीकडे तीच. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला उच्चदाब वाहिनीसारखा, दुसरा घरातल्या शेगडीसारखा. फोनची बिचाऱ्याची बॅटरी लहान. दाब देणे त्याच्या जिवावर येते, म्हणून खाँसाहेब विहिरीत जाऊन बसले होते. उलट, हायफायमॅन कंपनीचा एचई-६ नावाचा एक जुना हेडफोन आहे, पातळ पडद्याचा, प्लेनर मॅग्नेटिक म्हणतात तो. त्याचे ओहम अवघे ५०, पण तो एका मिलिवॅटला ८३.५ डेसिबलच देतो. त्याच ११० डेसिबलांसाठी त्याला साडेचारशे मिलिवॅटच्या घरात शक्ती हवी. वरच्या उदाहरणाच्या जवळजवळ पंचेचाळीसपट. असल्या हत्तीसाठी हाय गेन, आणि हाय गेनमागे खरोखरीची ताकद, दोन्ही लागतात. ओहमचा आकडा एकटा काही सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला आहेत कानाच्या आत घालायचे छोटे हेडफोन. भाच्याचा तसला एक १६ ओहमचा माझ्या यंत्राला लावून पाहिला. गाणे बंद असतानाही ‘हाय’वर सळसळ ऐकू आली. म्हणजे मला नाही, भाच्याला ऐकू आली. ‘लो’वर करताच ती थांबली, असे तो म्हणाला. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या सळसळीबद्दल पुढे लिहायचे आहे.

माझ्या एका स्नेह्यांची गोष्ट इथेच सांगतो. त्यांनी हौसेने व्हॉल्वचा अ‍ॅम्प घेतला आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जातीचा. नळ्यांचा नारिंगी उजेड पाहत अंधारात गाणे ऐकतात. त्यांची तक्रार अशी की तबल्यातला डग्गा सारखा घुमतो आणि गाण्यावर पसरतो. तक्रार म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे ते ‘नळ्यांची ऊब’ म्हणून सांगू लागले होते. त्यांचा हेडफोन ३२ ओहमचा आणि अ‍ॅम्पचा स्वतःचा, बाहेर येतानाचा अवरोध चाळीस ओहमच्या आसपास. हे जमणारे लग्नच नव्हे. अ‍ॅम्पचा अवरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये, असा साधारण अडाखा आहे. म्हणजे ३२ ला चार ओहमपर्यंत, ३०० ला सदतीसपर्यंत. हेडफोनच्या पडद्याला डग्ग्याच्या ठोक्यानंतर पुन्हा स्थिर करणारा लगाम अ‍ॅम्पच्याच हाती असतो. अवरोध वाढला की लगाम सैल पडतो. शिवाय बहुतेक हेडफोनचा अवरोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. खर्जाच्या आसपास तो वाढतो, आणि अशा अ‍ॅम्पमध्ये तेवढाच भाग फुगून येतो. मी माझा सेनहायझर त्यांच्या यंत्राला लावून दिला. डग्गा जागेवर आला. स्नेही दहा मिनिटे ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘चांगलं आहे, पण ऊब गेली.’’ त्यांनी आपला जुनाच हेडफोन पुन्हा लावला. आवडीला गणित लावू नये, असे माझे मत झाले आहे.

मात्र एका ठिकाणी गणित लावलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला ऐंशी डेसिबल चाळीस तास, एवढे ऐकण्याला हरकत नाही. दर तीन डेसिबलांमागे ही मुदत निम्मी होते. आता माझ्या खटक्याचे बारा डेसिबल घ्या. बटण होते तिथेच असताना कोणी मागे हात घालून ‘लो’चे ‘हाय’ केले, तर चाळीस तासांचे वीस, दहा, पाच आणि शेवटी अडीच तास उरतात. ऐकणाऱ्याला तेव्हा फक्त गाणे ‘खुलल्या’सारखे वाटते. विलंबितात तर धोका अधिक, कारण मंद्रातले पहिले स्वर नीट ऐकू यावेत म्हणून बटण वाढवले जाते आणि पाऊण तासाने द्रुत तानांच्या वेळी ते तिथेच राहते. खटका हलवण्यापूर्वी बटण शून्यावर आणायचे, हा नियम मी घरात घालून दिला आहे. तो आतापर्यंत फक्त मीच मोडला आहे.

भाच्याला ऐकू आलेली ती सळसळ मात्र मनातून जाईना. डावा कान निर्दोष सुटला होता, पण दोन्ही कान निर्दोष आहेत असे कोणी म्हटले नव्हते. शेवटी सौ.ला सगळे सांगितले. खुर्चीचे, वाऱ्याचे, सगळेच. ती म्हणाली, ‘‘मला वाटलं, शेजारी बसणाऱ्यांशी तुमचं काही बिनसलंय.’’ आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन कान तपासायला गेली.

काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन देतात, बारीक टिट्‌ ऐकू आले की हातातले बटण दाबायचे. मध्ये मध्ये फार वेळ शांतता असे. ती शांतता खरीच आहे की तिच्यात काही वाजते आहे, हे मला कळत नव्हते. आणि समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावरून ओळखण्याचा प्रयत्न मी करीत होतो, हे तिने ओळखले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘काका, दोन्ही कान अगदी सारखे आहेत.’’ मला इतका आनंद झाला की तिचे पुढचे वाक्य सौ.ला ऐकावे लागले. कागदावर दोन रेषा होत्या, एकमेकींना चिकटून चाललेल्या. एक हजार हर्ट्‌झपर्यंत सपाट, मग उतार. चार हजारांवर पन्नास डेसिबल खाली, आठ हजारांवर पासष्ट. वयाचा भाग आहे, ती म्हणाली, आणि उपकेंद्रांवरच्या नोकरीचाही थोडा असेल. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे या उतारावरूनच घसरतात. नातवंडे पुटपुटतात अशी माझी तक्रार होती. ती मी तिथेच मनातल्या मनात मागे घेतली.

मग तिने श्रवणयंत्राची गोष्ट काढली आणि तोच शब्द वापरला, गेन. तिच्या यंत्रात प्रत्येक स्वरपट्टीचा गेन वेगळा लावता येतो. जिथे खड्डा आहे तिथेच भर, आणि मोठा आवाज आला तर तेवढ्यापुरती भर कमी. माझ्या टेबलावरच्या यंत्राला हे जमत नाही. ते डग्ग्यालाही आठपट करते आणि तंबोऱ्याच्या जवारीलाही आठपट. जवारी ऐकू यावी म्हणून ते वाढवत गेलो, तर उरलेले कानही डग्गाच घेऊन जाईल. वडिलांच्या रेडिओने चार भिंतींच्या आत हेच केले होते. मी विचार करतो म्हटले. सौ.ने पुढल्या महिन्याची तारीख घेऊन ठेवली.

दरम्यान घरात एक नवीनच जोडी जमली. सौ.लाही वडिलांच्या कॅसेटी ऐकायच्या होत्या. यंत्राला मोठे आणि लहान अशी दोन भोके आहेत, तेव्हा दोघांनी एकदम ऐकावे असे ठरले. माझ्या डोक्यावर सेनहायझर, तिला भाच्याचा घरी पडलेला जुना ३२ ओहमचा. बटण मला पुरेसे फिरवताच ती दचकली. साहजिकच होते. दाब तोच, ओहम जवळजवळ दहावा हिस्सा. तिच्या हेडफोनला दहापट शक्ती जात होती, म्हणजे दहा डेसिबल जास्त. तिला पुरेल इतके कमी केले की मी पुन्हा विहिरीच्या काठावर. दोन-तीन दिवस अशी ओढाताण चालल्यावर आम्ही हेडफोनच बदलले. आता वाढदिवसाचा एचडी ६०० ती घालते आणि भाच्याचा जुना मी. खटका ‘लो’, बटण साडेअकरा. तिला हवे तितके तिला येते, मला दहा डेसिबल अधिक लागतात ते मला मिळतात. मुलीला हे अजून कळवलेले नाही.

परवा रात्री १९८१ सालची एक कॅसेट लावली होती. रेडिओसमोर टेप चालू असताना घरात कोणी बोलायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता; त्यामुळे त्या कॅसेटींत आमच्या कोणाचा आवाज नाही. खाँसाहेब मंद्रात होते. सौ.ने एकदम बोट वर केले.

‘‘काय झालं?’’

‘‘आईंच्या बांगड्या.’’

मी बटणाकडे हात नेला, आणि मग नेला तसाच परत घेतला. आई तिथेच कुठेतरी तांदूळ निवडत बसलेली असणार, तोंड मिटून. वडिलांनी ही कॅसेट पुढे कितीतरी वेळा लावली. त्यांना त्या बांगड्या कधी ऐकू आल्या असतील असे वाटत नाही. मी डोळे मिटून घेतले आणि सौ.ला म्हटले, वाजल्या की सांग. ती काही बोलली नाही. बांगड्या वाजल्या की ती माझ्या मनगटावर बोटाने हलकेच टिचकी मारी. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत मी अकरा मोजल्या.